जागा ठरते तिजोरीवरून

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या आर्डन हिल्स या उपनगरात लष्कराचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. रायफली आणि मशीनगनच्या गोळ्या तिथं बनत. कारखान्यात वापरलेली रसायनं तिथल्याच जमिनीत मुरत गेली, भूजलात उतरली आणि पुढं शेजारच्या न्यू ब्रायटन गावाच्या पिण्याच्या पाण्यात सापडली. १९८३ साली केंद्र सरकारनं ही जागा देशातल्या सर्वाधिक प्रदूषित ठिकाणांच्या यादीत घातली. शहराला खेटून असलेली इतकी मोठी जमीन, पण तिला गिऱ्हाईक नव्हतं. १० मे २०११ रोजी ते मिळालं. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघानं आणि रॅमसे काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, मिळून जाहीर केलं, की संघाचं नवं स्टेडियम या कारखान्याच्या २६० एकरांवर उभं राहील.

इथं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचा अमेरिकी खेळ. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्या काळात प्रत्येकाच्या वाट्याला घरच्या मैदानावर हंगामात आठ सामने यायचे, सरावाचे दोन धरले तर दहा. वर्षातल्या या दहा दिवसांसाठी १०० कोटी डॉलरच्या वरची इमारत बांधायची, आणि तिचा निम्म्याहून अधिक खर्च करदात्यांनी उचलायचा, असा तो प्रस्ताव होता. संघ सुमारे ४० कोटी डॉलर देणार, काउंटी ३५ कोटी आणि राज्य ३० कोटी.

विषारी जमीन एका धनाढ्य संघाला एवढी का आवडावी? संघाचे प्रमुख मालक झायगी विल्फ हे न्यू जर्सीचे बांधकाम व्यावसायिक. २००५ मध्ये त्यांनी आणि भागीदारांनी ६० कोटी डॉलरला संघ विकत घेतला. बिल्डरच्या नजरेला आर्डन हिल्समध्ये मैदानाच्या भोवतालची मोकळी जागा दिसत होती. हजारो गाड्यांचं स्वतःच्या मालकीचं पार्किंग, सामन्याआधी गाडीच्या मागच्या झाकणाशी शेगडी मांडून सॉसेज भाजत बसणारे चाहते, आणि पुढंमागं दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या. गावात स्टेडियम बांधलं तर पार्किंगचे पैसे दुसऱ्यांच्या खिशात जातात. पण याहून मोठं कारण असं, की पैसे द्यायला तयार असलेलं सरकार तिथंच होतं. रॅमसे काउंटीनं अर्धा टक्का विक्रीकर लावून ३५ कोटी उभे करायची तयारी दाखवली होती.

स्टेडियमच्या वादात लोक जागेवरून भांडताना दिसतात. रस्ते, रहदारी, पार्किंग, गोंगाट, शेजारचं चर्च. ही भांडणं खोटी नसतात. पण नकाशावरच्या प्रत्येक फुलीमागं एक तिजोरी उभी असते आणि त्या तिजोरीवर कुणाचा तरी मताचा हक्क असतो. फुली दोन इंच सरकली, की पैसे देणारा बदलतो आणि ‘नको’ म्हणू शकणाराही बदलतो. मिनेसोटाच्या सगळ्या भानगडीत मला हे जेवढं लख्ख दिसतं, तेवढं इतर कुठल्या स्टेडियमच्या कहाणीत दिसत नाही.

आधी संघाची बाजू. व्हायकिंग्ज १९८२ पासून मिनिआपोलिसच्या मेट्रोडोममध्ये खेळत. साडेपाच कोटी डॉलरमध्ये बांधलेला हा घुमट अमेरिकेतल्या स्वस्त स्टेडियमांपैकी एक होता, आणि ते दिसायचंही. त्याचं छत खांबांवर उभं नव्हतं. टेफ्लॉनचा मुलामा दिलेलं फायबरग्लासचं प्रचंड कापड पंख्यांनी आत हवा भरून तोलून धरलेलं होतं. १२ डिसेंबर २०१० च्या पहाटे, दीड फुटाच्या आसपास हिमवर्षाव झाल्यावर, छताचं कापड फाटलं. दुपारच्या सामन्यासाठी फॉक्स वाहिनीचे कॅमेरे आत लावून ठेवलेले होते. त्यांच्या चित्रीकरणात छताला एक पोट सुटताना दिसतं, ते खाली लोंबत येतं, मग एका शिवणीतून बर्फाचा लोट हिरव्या मैदानावर ओतला जातो. रिकामं स्टेडियम, त्यामुळं कुणाला इजा झाली नाही. सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. ही चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि नव्या स्टेडियमची मागणी करणाऱ्यांना आयती जाहिरात मिळाली.

छत दुरुस्त करता आलं असतं, आणि पुढच्या वर्षी झालंही. खरी अडचण हिशेबाच्या वहीत होती. या लीगमध्ये दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. तिकिटांच्या उत्पन्नातलाही ठरावीक हिस्सा पाहुण्या संघांकडं जातो. पण काचेच्या आलिशान खोल्या, खास सभासदांच्या आसनांवरचं अधिमूल्य, पार्किंग, मैदानाला दिलेल्या नावाचे पैसे यांतलं बरंचसं घरच्या संघाकडंच राहतं. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा जास्त कमवायचं तर ते स्टेडियममधूनच. मेट्रोडोम नेमका इथं लंगडा होता. छतापेक्षा काचेच्या खोल्यांची चणचण मालकाला जास्त बोचत असणार, असा माझा कयास आहे.

भाडेकरार २०११ च्या हंगामाअखेर संपत होता, आणि मिनेसोटाच्या लोकांना संघ निघून जाण्याचा अनुभव होता. लॉस एंजेलिसचा जगप्रसिद्ध बास्केटबॉल संघ लेकर्स हा मुळात मिनिआपोलिसचा. सरोवरांचं राज्य म्हणून लेकर्स. तो १९६० मध्ये कॅलिफोर्नियाला गेला. १९९३ मध्ये आइस हॉकीचा नॉर्थ स्टार्स हा संघ डॅलसला गेला, आणि हॉकी म्हणजे जीव की प्राण असणाऱ्या राज्याला ते फार लागलं. त्यात लॉस एंजेलिसमध्ये १९९४ च्या हंगामानंतर एकही फुटबॉल संघ उरलेला नव्हता. देशातली दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ मोकळी, आणि तिथं स्टेडियमच्या दोन दोन योजना कागदावर तयार. लीगच्या मालकांना ती मोकळी जागा फार उपयोगाची होती. कुठल्याही शहरात घोडं पेंड खाऊ लागलं, की लॉस एंजेलिसचं नाव कुणीतरी हळूच घ्यायचं.

ही भीती पोकळ होती असं म्हणता येत नाही. सेंट लुईस शहरानं १९९५ मध्ये रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसच्या परिसरातूनच आणला होता. त्यासाठी सरकारी पैशानं डोम बांधला आणि तो लीगमधल्या पहिल्या चतुर्थांश दर्जाचा राहील, अशी हमी करारात दिली. वीस वर्षांत इतर शहरांनी इतकी नवी मैदानं बांधली, की ही हमी पाळणं अशक्य होऊन बसलं. हमी मोडली तसा संघ मोकळा झाला आणि २०१६ मध्ये परत गेला. तिकडं मालकानं अब्जावधी डॉलरचं स्टेडियम खासगी पैशांतून बांधलं. सरकारी मदतीशिवाय स्टेडियम होऊच शकत नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी ते एकदा पाहून यावं. सेंट लुईसनं खटला भरला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड मिळवली. संघ मात्र परत आला नाही.

आता पुन्हा आर्डन हिल्सकडं. मिनेसोटाच्या कायद्यानुसार स्थानिक विक्रीकर लावायचा तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो, विधिमंडळानं खास सूट दिली तरच तो टळतो. अशी सूट पूर्वी मिळाली होती. २००६ मध्ये शेजारच्या हेनेपिन काउंटीला बेसबॉलच्या मैदानासाठी ०.१५ टक्के विक्रीकर कौल न घेता लावू दिला गेला. रॅमसे काउंटीचा सगळा भरवसा याच उदाहरणावर होता. पण २०११ साल निराळं होतं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत होतं, आणि कर वाढवणार नाही असं सांगून ते निवडून आले होते. राज्याची तूट ५०० कोटी डॉलरच्या घरात होती. त्यावरून राज्यपाल मार्क डेटन आणि विधिमंडळ इतकं ताणून बसले, की जुलैमध्ये राज्य सरकारचं कामकाज २० दिवस बंद पडलं. उद्यानांना कुलुपं लागली, लॉटरी थांबली, हजारो कर्मचारी घरी बसले. शेवटी तूट भरून काढायला शाळांना द्यायचे पैसे पुढच्या वर्षावर ढकलण्यात आले. अशा वर्षी फुटबॉलसाठी कर लावायचा, तोही लोकांना न विचारता? नोव्हेंबरात विधिमंडळाच्या नेत्यांनी सूट मिळणार नसल्याचं स्पष्ट केलं. मतदान घेतलं तर हरणार, हे काउंटीलाही ठाऊक होतं. आर्डन हिल्सची योजना तिथं संपली. जमिनीतलं विष निपटण्यासारखं होतं. पुढं काउंटीनं ४२७ एकर विकत घेऊन ते साफ करून घेतलेही. मतपेटीचा मात्र कुणाला धीर झाला नाही.

धीर कुणी केलाच नाही असंही नाही. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे पॅकर्स हा संघ आहे. त्याला मालक नाही. लाखो सामान्य भागधारक आहेत, आणि लीगच्या नियमांप्रमाणं आता तसा दुसरा संघ होऊ शकत नाही. २००० साली या संघाच्या स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी ब्राउन काउंटीनं अर्ध्या टक्क्याच्या विक्रीकरावर मतदान घेतलं. सुमारे ५३ टक्के लोकांनी होकार दिला, २०१५ मध्ये काम भागलं आणि कर उठला. संघ आपलाच आहे असं वाटणाऱ्या गावातही निकाल इतका काठावरचा. न्यू जर्सीच्या बिल्डरसाठी कर मागायला रॅमसे काउंटीचे लोक कचरले, यात नवल कसलं?

मग गाडी मिनिआपोलिसकडं वळली. शहरात तीन जागा चर्चेत आल्या. शेतकरी बाजाराजवळची एक लवकरच मागं पडली. दुसरी लिंडेन अव्हेन्यूची. ती संघाला बरी वाटत होती, कारण बांधकाम चालू असताना जुन्या मैदानात खेळत राहता आलं असतं. पण तिथून हाकेच्या अंतरावर सेंट मेरीची बॅसिलिका आहे. चर्चनं जाहीर विरोध केला. बांधकामाच्या हादऱ्यांनी जुन्या वास्तूला तडे जातील आणि रविवारच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना गाडी लावायला जागा उरणार नाही, असं म्हणणं पडलं. फुटबॉलचे सामनेही रविवारीच. शेवटी उरली मेट्रोडोमचीच जागा, जी संघाला सगळ्यांत कमी हवी होती आणि सरकारला सगळ्यांत स्वस्त पडणारी होती. जमीन सरकारी, रस्ते तयार, लोकल रेल्वेचं स्थानक दारात.

पण स्वस्ताईपेक्षा वजनदार गोष्ट होती शहराची तिजोरी. मिनिआपोलिसच्या मतदारांनी १९९७ मध्ये शहराच्या सनदेत एक कलम घातलं होतं. व्यावसायिक खेळाच्या वास्तूवर एक कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा असेल, तर आधी सार्वमत घ्यावं लागेल. प्रचंड बहुमतानं हे कलम मंजूर झालं होतं. आता शहराला १५ कोटी द्यायचे होते, म्हणजे मर्यादेच्या पंधरापट. महापौर आर. टी. रायबॅक आणि स्टेडियमवाल्यांनी काढलेली पळवाट वकिली चातुर्याचा नमुना आहे. शहरात अधिवेशन केंद्राचं कर्ज फेडण्यासाठी विक्री, हॉटेल आणि उपाहारगृहांवर कर आधीपासून लागू होते. ते राज्याच्या परवानगीनं लावलेले. ते कर्ज फिटत आल्यावर तोच कर स्टेडियमकडं वळवायचा. नवा कर नाही, आणि कर राज्याच्या कायद्यानं चालणारा, त्यामुळं पैसा ‘शहराचा’ धरायचाच नाही. सनदेचं कलम जागच्या जागी राहिलं आणि त्याला वळसा घालून रस्ता गेला. भरीला विधिमंडळाच्या विधेयकातच ते कलम लागू नसल्याचं लिहून टाकण्यात आलं.

पैसा मात्र शहरातलाच. मिनिआपोलिसमध्ये जेवणारा, खोली घेणारा, चपला विकत घेणारा माणूस तो भरणार. बांधकामाचे १५ कोटी, त्यावरचं व्याज, शिवाय तीस वर्षांच्या देखभालीतला वाटा असं सगळं मिळून शहराचा बोजा ६७ कोटी डॉलरच्या पुढं जात होता. १३ जणांच्या नगरपरिषदेत महापौरांना एप्रिल २०१२ मध्ये जेमतेम सात जणांचा पाठिंबा जमवता आला. त्यातल्या एका सभासदानं तोपर्यंत सार्वमताचा आग्रह धरला होता, तो ऐनवेळी सोडला. १९९७ च्या मतदारांचं म्हणणं एका माणसाच्या मन बदलण्यानं बाजूला पडलं.

राज्याच्या वाट्याचा पैसा कुठून आणायचा? सर्वसाधारण करातून एक पैसाही नाही, ही विधिमंडळाची अट. मग नजर गेली बारमधल्या जुगाराकडं. मिनेसोटाच्या बारमध्ये कोपऱ्यात एक छोटा गल्ला असतो. तिथं आइस हॉकीच्या पोरांची संघटना, माजी सैनिकांचं मंडळ किंवा अशीच एखादी धर्मादाय संस्था ‘पुल-टॅब’ विकते. बोटभर पुठ्ठ्याचं तिकीट, किंमत एखाद-दोन डॉलर. मागच्या बाजूला छिद्रांच्या रेघांनी आखलेल्या खिडक्या असतात. नखानं एकेक खिडकी उचकटायची, आत जुळणारी चित्रं निघाली तर बक्षीस. बहुधा निघत नाहीत. बीयरच्या ग्लासाशेजारी फाडलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग साचत जातो. उरलेल्या पैशांतून पोरांच्या हॉकीचा खर्च निघतो आणि सरकारला कर मिळतो. हाच खेळ टॅबलेटच्या पडद्यावर आणू, त्यानं विक्री फुगेल आणि वाढीव करातून कर्जाचे हप्ते फिटतील, असा हिशेब मांडला गेला. वर्षाला साडेतीन कोटी डॉलर. राजकारण्यांच्या दृष्टीनं याहून गोड तिजोरी कुठली? हा पैसा देणाऱ्याला आपण स्टेडियमला पैसे देतोय हे कळतसुद्धा नाही.

तरीही १६ एप्रिल २०१२ रोजी विधेयक प्रतिनिधिगृहाच्या एका समितीत नऊ विरुद्ध सहा मतांनी पडलं. चारच दिवसांत लीगचे आयुक्त रॉजर गुडेल आणि पिट्सबर्ग संघाचे मालक आर्ट रूनी विमानानं राजधानी सेंट पॉलला दाखल झाले आणि राज्यपालांना, विधिमंडळाच्या नेत्यांना भेटले. धमकी दिली नाही, असं दोन्ही बाजूंनी सांगितलं. द्यायची गरजही नव्हती. विधेयक दुसऱ्या समित्यांच्या वाटेनं जिवंत झालं. मे महिन्याच्या सुरुवातीला रिपब्लिकन नेत्यांनी एक अजब तोडगा पुढं केला. छताशिवाय स्टेडियम बांधू, छताची सोय ठेवू, छत पुढं बघू. म्हणजे उत्तर ध्रुवाकडून वारे येणाऱ्या राज्यात, छत कोसळल्यामुळं पेटलेल्या वादावर, छतच नसलेलं स्टेडियम! राज्यपालांनी ते उडवून लावलं. विधानभवनाच्या घुमटाखाली चेहरे जांभळे-पिवळे रंगवलेले चाहते संघाचं गाणं गात उभे होते, आणि आत आमदार मालकाच्या वाट्यात किती भर घालायची यावर घासाघीस करत होते. प्रतिनिधिगृहानं १०.५ कोटी वाढवून मागितले, सिनेटनं अडीच कोटी, ठरले पाच. अंतिम आकडे असे: एकूण ९७.५ कोटी डॉलर, त्यात संघ ४७.७, राज्य ३४.८ आणि शहर १५. १० मे रोजी प्रतिनिधिगृहात ७१ विरुद्ध ६०, सिनेटमध्ये ३६ विरुद्ध ३०. सभापती कर्ट झेलर्स यांनी मतदान होऊ दिलं आणि स्वतः विरोधात मत टाकलं. चार दिवसांनी डेटन यांनी सही केली.

संघाचे ४७.७ कोटी म्हणजे मालकाच्या खिशातले, असं समजू नका. त्यातले २० कोटी लीगच्या स्टेडियम योजनेतून आले. काही चाहत्यांकडून ‘आसन परवाना’ म्हणून उकळायचे होते. हंगामाचं तिकीट विकत घेण्याचा नुसता हक्क विकत घ्यायचा, ५०० डॉलरपासून १०,००० पर्यंत. हे कायद्यात लिहिलेलंच होतं, पण डेटन यांच्या लक्षात उशिरा आलं आणि त्यांनी संघावर जाहीर आगपाखड केली. मैदानाला बँकेचं नाव देण्याचा पैसाही संघाकडंच गेला. वास्तू सरकारी मालकीची आणि तिच्या नावाची किंमत भाडेकरूच्या गल्ल्यात, हा या धंद्यातला सरसकट रिवाज आहे.

स्टेडियमनं शहराची भरभराट होते का, यावर अर्थशास्त्रज्ञांत जितकं एकमत आहे तितकं क्वचितच कशावर असेल. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी १९९७ मध्ये अनेक शहरांचा अभ्यास एका ग्रंथात एकत्र केला, आणि सरकारी पैसा वसूल झालेलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. नंतरच्या अभ्यासांनीही तेच सांगितलं. सामन्याला आलेलं कुटुंब जे दोन-चारशे डॉलर उडवतं, ते एरवी त्याच शहरात सिनेमा, हॉटेल, बोलिंग यांवर उडवलं असतं. खेळाडूंचे गलेलठ्ठ पगार बऱ्याच अंशी गावाबाहेर जातात. मग सरकारं पैसा देतातच का? एक उत्तर केंद्राच्या करकायद्यात आहे. करमुक्त रोख्यांवरचं व्याज कमी असतं, आणि शहरं त्यांतून स्टेडियम बांधत. हे थांबवायला अमेरिकी काँग्रेसनं १९८६ मध्ये अट घातली, की खासगी वापराच्या अशा वास्तूच्या कर्जफेडीतला १० टक्क्यांहून जास्त भाग त्या वास्तूच्या उत्पन्नातून येता कामा नये. हेतू असा, की मग शहरं असला खर्च करणारच नाहीत. झालं उलटं. करमुक्त रोखे हवेत तर संघाकडून भाडं जास्त घ्यायचं नाही, आणि फेड करायची लोकांच्या करातून. कायद्यानं शहरांचा हात सोडवायच्या ऐवजी संघाचं भाडं स्वस्त करून दिलं.

दुसरं उत्तर साधं आहे. डेटन यांना हजारो बांधकाम मजुरांच्या कामाची आणि संघ गेल्याच्या दोषाची चिंता होती. अभ्यासग्रंथाला मतदारसंघ नसतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये पडद्यावरचे पुल-टॅब सुरू झाले आणि हिशेब धडाधड कोसळला. हजारो बार यंत्रं घेतील असं गृहीत होतं, प्रत्यक्षात काही शेच पुढं आले. अंदाजांचा आधार जुगाराच्या धंद्यातल्या कंपन्यांनी पुरवलेली माहिती होती, हे नंतर उघड झालं. साडेतीन कोटींच्या जागी पहिल्या वर्षी १७ लाख डॉलर येतील, असा नवा अंदाज निघाला. २०१३ मध्ये विधिमंडळानं घाईघाईनं ठिगळ लावलं. कंपन्यांच्या करातली एक पळवाट बुजवून येणारा पैसा आणि सिगारेटच्या साठ्यावरचा एकवेळचा कर स्टेडियमला जोडला. सर्वसाधारण करातून एक पैसाही नाही, ही अट जेमतेम वर्षभर टिकली. राज्यातली विडीकाडी ओढणारी माणसंही आता वाटेकरी झाली. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या न्यायालयानं एका जुन्या खटल्यात विल्फ कुटुंबानं भागीदारांना फसवल्याचा निर्णय दिला. स्टेडियमच्या सरकारी प्राधिकरणानं मालकांचे हिशेब तपासून घेतले आणि काम पुढं नेलं.

संघानं दोन हंगाम विद्यापीठाच्या उघड्या मैदानात काढले आणि जुलै २०१६ मध्ये ‘यू. एस. बँक स्टेडियम’ उघडलं. वाढीव कामांनी खर्च ११० कोटींवर गेला होता. देखणं आहे, यात वाद नाही. दक्षिणेकडचं अर्धंअधिक छत पारदर्शक पापुद्र्याचं, टोकदार नाकासारखं आकाशात घुसलेलं, आणि पश्चिमेला उंचच उंच काचेची दारं. जवळपास दोन लाख चौरस फूट काच, मिसिसिपी नदीवरून जाणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या वाटेवर. पक्षीप्रेमींनी बांधकामाआधीच विनवलं होतं, की पक्ष्यांना दिसेल अशी ठिपकेदार काच बसवा. जास्तीचा खर्च सुमारे दहा-अकरा लाख डॉलर होता. आराखडा बदलायला उशीर झालाय आणि पैसे नाहीत, असं उत्तर मिळालं. पहिल्याच शरदात स्वयंसेवकांनी काचेच्या पायथ्याशी मेलेले पक्षी मोजायला सुरुवात केली. प्राधिकरणाच्या ताब्यात दोन आलिशान खोल्या होत्या, मैदान भाड्यानं घेऊ पाहणाऱ्यांना दाखवायला म्हणून. तिथं अधिकाऱ्यांचे नातेवाईक आणि मित्र फुकटात सामने पाहत असल्याचं २०१६ च्या अखेरीस बाहेर आलं. राज्याच्या लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अध्यक्ष मिशेल केल्म-हेल्गन व कार्यकारी संचालक टेड मोंडेल यांना जावं लागलं. ती बातमी स्टार ट्रिब्यूनची. या दैनिकाच्या मालकीचे पाच ब्लॉक स्टेडियमशेजारीच होते, आणि त्याच्या संपादकीय पानानं याच जागेची बाजू घेतली होती. ते ब्लॉक विकले गेले. तिथं आज एका बँकेचे दोन मनोरे आणि एक बाग आहे. मेट्रोडोमभोवती तीस वर्षांत जे झालं नाही ते आता झालं, असं समर्थक दाखवतात. ते खरं आहे. फक्त त्या मनोऱ्यांतले बहुतेक लोक शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कचेऱ्यांतून उठून आले असतील, तर शहराला काय मिळालं, हा हिशेब कुणी बागेत लावत नाही.

आणि मग जुगार चालला. हळूहळू बारमालकांना पडद्यावरच्या पुल-टॅबची चटक कळली, खेळणाऱ्यांना त्याआधीच. करोनाच्या टाळेबंदीनंतर तर विक्रीनं उसळी घेतली. स्टेडियमच्या राखीव निधीत इतका पैसा साचला, की जून २०२३ मध्ये राज्यानं ३७.७ कोटी डॉलर एकरकमी भरून सगळं कर्ज मुदतीच्या दोन दशकं आधीच फेडलं आणि २२.६ कोटींचं व्याज वाचवलं. राज्यपाल टिम वॉल्झ यांच्या सरकारनं याचा गाजावाजा केला. ज्या योजनेवर देशभर हसले, ती अखेर तरली, आणि हे टीकाकारांनी मोकळेपणानं मान्य करायला हवं. पण ती तरली कशावर, तेही पाहावं. बारमध्ये संध्याकाळी पडद्यावर बोट फिरवत बसणाऱ्या माणसांच्या हरण्यावर. त्यांतल्या कित्येकांना १०० डॉलरचं तिकीट काढून त्या काचेच्या दारातून आत जाणं परवडत नाही.

कर्ज फिटत आल्यावर हॉकीच्या संघटना आणि माजी सैनिकांची मंडळं विधिमंडळात गेली. स्टेडियम झालं, आता आमच्या जुगारावरचा कर कमी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. वरच्या टप्प्यात तो ३६ टक्के होता. त्याच सुमारास कॅसिनो चालवणाऱ्या आदिवासी राष्ट्रांनी तक्रार केली, की सगळ्या खिडक्या एका स्पर्शात उघडणारे हे टॅबलेट म्हणजे सरळसरळ स्लॉट मशीन आहे, आणि त्याचा हक्क करारानं आमचा आहे. विधिमंडळानं दोघांचंही थोडं ऐकलं. एका स्पर्शात सगळं उघडण्याची सोय २०२५ पासून बंद झाली. कराचे दर थोडे खाली आले. कर काही उठला नाही.